शहाबादीपासून इटालियन मार्बलपर्यंत, आमची वाटचाल

बाबांनी फरशीचं दुकान टाकलं तेव्हा माल म्हणजे शहाबादी, कडप्पा आणि कोटा, बास. कोल्हापूर तसं काळ्या दगडाचं गाव, अंबाबाईचं देऊळ बघा नाहीतर 1884 ला पुरा झालेला नवा राजवाडा बघा, त्यामुळं इथं परदेशी दगड कोण घालणार असं बाबांचे मित्र म्हणायचे. पण ताराबाई पार्क, नागाळा पार्कात जुने बंगले जाऊन अपार्टमेंट व्हायला लागली, लोक पुण्या-मुंबईचे फ्लॅट बघून यायचे आणि पहिला प्रश्न, "इटालियन (म्हणजे इटालियन मार्बल) हाय का?"

मग मी राजस्थानातल्या किशनगडला, मार्बलच्या मोठ्या बाजारात, जाऊन राहिलो. परदेशी ब्लॉक, म्हणजे दगडाचे मोठे ठोकळे, मुंद्रा नाहीतर न्हावाशेवा बंदरात उतरतात, तिथनं किशनगडला येतात, गँगसॉवर (बऱ्याच पात्यांच्या करवतीच्या यंत्रावर) कापून मागनं जाळी चिकटवतात, भेगांत इपॉक्सी (घट्ट चिकटणारं रसायन) भरतात आणि मग पॉलिश. तिथंच कळलं की सरसकट इटालियन म्हणून विकतात त्यातला बराच माल तुर्की, स्पेन, व्हिएतनामचा. स्टॅच्युअरिओ नावाचा पांढरा मार्बल इटलीतल्या कॅरारा गावचा, पण क्रेमा मार्फिल नावाचा पिवळसर मार्बल स्पेनचा. माल चांगलाच असतो हो, पण पैसे देणाऱ्याला कळायला नको का? म्हणून आमच्याकडं स्लॅबवर (कापलेल्या मोठ्या लादीवर) आणि बिलावर देशाचं नाव असतंच.

2017 ला जीएसटी आला तेव्हा मार्बलला 28 टक्के, नोव्हेंबरात 18 झाला तेव्हा कुठं थांबलेल्या ऑर्डरी हलल्या. 2019 च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद, माल वाटेत अडकला, तरी बिल्डर लोकांनी सांभाळून घेतलं, ते विसरणार नाही.

सगळ्यात जास्त जीव तोडून सांगतो ते बसवण्याबद्दल. पांढऱ्या मार्बलखाली साधं सिमेंट घातलं की काळपट डाग वर येतात, व्हाइट सिमेंटच पाहिजे, आणि पाणी पुरतं सुकल्याशिवाय पॉलिशला हात लावायचा नाही. इथला पावसाळा बघता ते सुकायला वेळ लागतो, गृहप्रवेशाची तारीख काढलेली असली तरी आमचे मिस्त्री थांबतात. आणि किचन ओट्याला मार्बल आम्ही देतच नाही, कोणी कितीबी मागू दे. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, लिंबू सांडलं की चमक गेली, आणि तांबडा रस्सा होणाऱ्या घरात तर डाग पडणारच. ओट्याला ग्रॅनाइट घ्या, इटालियनपेक्षा सहसा कमी पैशात होतं.

आता बाबा गादीवर कमी बसतात पण नवीन गाडी आली की स्लॅब उन्हात उभी करून मागून जाळी, पुढून भेगा स्वतः बघतात, त्यांनी पास केल्याशिवाय ती गोदामात जात नाही.