मोर्त्सीनेकचा एप्रिल

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. तारखा जुळवताना एक गोष्ट खुपली, ती काही जात नाही.

एप्रिल 1945 मध्ये डाखाऊची नाझी छावणी मोकळी झाली, तेव्हा पोलिश लेखक गुस्ताव मोर्त्सीनेक जिवंत बाहेर आला. सप्टेंबर 1939 पासून कैदेत होता. एप्रिल 1953 मध्ये तोच वॉर्साच्या सेइममध्ये, म्हणजे पोलंडच्या संसदेत, खासदार म्हणून उभा राहिला आणि सिलेशिया या खाणींच्या प्रदेशातल्या कातोवित्से शहराला स्टालिनच्या नावावरून स्तालिनोग्रुद म्हणावं, या बाजूने बोलला. मध्ये आठच वर्षं.

नाव खरं तर आधीच बदललं होतं. स्टालिन गेला 5 मार्चला आणि 7 तारखेला हुकूम निघाला. सेइमने नुसती मान डोलवायची होती. मग याच माणसाला का पुढे केलं? कारण उघड आहे. हा कार्विनाचा, खाणीतला. सोळाव्या वर्षी खाली उतरलेला. खाणकामगारांनीच पैसे जमवून त्याला ब्यावाच्या अध्यापक विद्यालयात शिकवलं. याच्या तोंडून आलं की सिलेशियानेच मागितल्यासारखं दिसणार. त्याच्यावर दडपण होतं, असं पोलंडमध्ये सांगतात. असेल. पण एवढ्याने माझं समाधान होत नाही.

छावणीतल्या वर्षांबद्दल आज लिहवत नाही.

त्याच्या मोठ्या कादंबरीच्या नावातला 'होद्निक' म्हणजे कोळशाच्या थरातून खणत नेलेली वाट. भोक पाडायचं, सुरुंग लावायचा, कोळसा डब्यांत भरायचा आणि लगेच दोन उभे टेकू, वर आडवं लाकूड. टेकू पाइनचे किंवा स्प्रूसचे, कारण ही लाकडं मोडण्याआधी करकरतात आणि पळायला वेळ मिळतो. ओक मजबूत, पण तो फारशी सूचना न देता मोडतो. पुढे जायच्या घाईत टेकू लांब लांब लावले की छत बसतं. त्याच्या गोष्टीतला वीसेक घोडाही असाच धोका आधी ओळखतो आणि कुबोक या खाणकामगाराला वाचवतो. अंधारात राबून राबून वीसेकचे डोळे जातात.

इतकं बारीक ऐकणारा माणूस. त्या एप्रिलात त्याला काहीच करकरलेलं ऐकू आलं नाही? हे माझ्याच मनाला का लागावं, कळत नाही. इतकी वर्षं त्याला वाचतेय, म्हणून फसवल्यासारखं वाटतंय.

तासभर गेला. आता थोडं वेगळं वाटतंय. डिसेंबर 1956 मध्ये कातोवित्सेला नाव परत मिळालं. मधल्या पावणेचार वर्षांत तिथे जन्मलेल्यांच्या दाखल्यांवर स्तालिनोग्रुद राहिलंच. तसंच ते भाषण त्याच्या नावावर राहणार, आणि वीसेकही. दोन्ही त्याचंच. एकाने दुसरं खोडता येत नाही. बहुतेक खोडायचीच माझी धडपड चालली होती.

1963 च्या डिसेंबरात तो गेला. ज्या स्कोचुफ गावात त्याने मुलांना शिकवलं, तिथेच त्याला पुरलंय. वीसेकची गोष्ट पोलंडच्या शाळांमध्ये पुढेही वाचली जात राहिली.