तुम्ही विचारलंत म्हणून: कान का बदलून घेतलेस?

बारसं असो की लग्न, कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतंच, ‘चांगले होते की गं कान! कशाला कापून घेतलेस? लग्न जमत नव्हतं म्हणून?’ त्यापाठोपाठ खर्चाचा प्रश्न येतो, तो मी टाळते. पहिल्याचं एकदा नीट सांगते.

कापलेले नाहीत हो. मागून चीर देऊन कूर्चा, म्हणजे कानातलं मऊ हाड, टाक्यांनी वळवतात, कान डोक्याजवळ येतो. काही दिवस पट्टी, मग काही आठवडे झोपताना हेडबँड. एवढंच.

माझे कान सुपासारखे. शाळेत दोन वेण्यांची सक्ती, त्याही वर दुमडून लाल रिबिनीनं बांधलेल्या, म्हणजे कान अगदी दुकानात मांडल्यासारखे. तिसरीत एका पोरानं कपाचा कान धरून माझ्याकडं बघितलं आणि ‘कपबशी’ म्हणाला. ते नाव दहावीच्या निरोप समारंभापर्यंत पुरलं. पुढं कॉलेजात केस मोकळे सोडले ते सोडलेच. कोल्हापुरात रंकाळा तलावावर वारं सुटलं की मी दोन्ही हातांनी केस धरून चालायची.

आता गंमत बघा. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, पैलवान. लढतीत कानावर मार बसला की कूर्चेशी रक्त साकळतं, वेळेवर काढलं नाही तर ती सुकून आकसते. त्यांचे दोन्ही कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे झालेत. खासबागेच्या कुस्ती मैदानात अनोळखी माणूस नुसते कान बघून सरकून जागा देतो. एका घरात वेडेवाकडे कान दोन जोड. एकाला रामराम, दुसऱ्याला कपबशी. ऑपरेशनचं काढलं तेव्हा आबा ओरडले, ‘तुज्या कानाला काय धाड भरलीया?’ त्यांना खरंच कळत नव्हतं.

डॉक्टरांनी कान बघायच्या आधी प्रश्न विचारले. कुणी सांगितलं म्हणून आलात का? किती वर्षं खुपतंय? झाल्यावर आयुष्यात काय बदलेल? तिसऱ्याला मी अडखळले, मग म्हटलं, ‘वेणी घालीन.’ ते हसले नाहीत, लिहून घेतलं. हे का विचारतात ते नंतर कळलं. काहीजण सरळ नाकातला बाक दिवसभर आरशात शोधत बसतात. ऑपरेशन करूनही त्यांना सहसा बरं वाटत नाही, खटकणं नाकावरून हनुवटीवर सरकतं. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात त्याला, आणि अशांना मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते.

बाहेर बाकावर एक पोरगा सेल्फी मोठी करून स्वतःचं नाक दाखवत होता. 2018 मधला एक अभ्यास सांगतो, 12 इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. कान मात्र जवळच्या कॅमेऱ्यात उलट मागं सरतात, त्यामुळं मला मोबाईलवर खापर फोडायची सोय नाही! त्याच्या शेजारी एक काकू. गुजरीतल्या सराफाकडचे जड झुबे घालून घालून कानाची पाळी फाटलेली, ती शिवायला आल्या होत्या. पाळी जोडायच्या 15 रीती सुश्रुतसंहितेतच आहेत. काकूंना मात्र ‘कशाला?’ असं कुणी विचारणार नाही.

लग्नाचं म्हणाल, तर कांदेपोह्यांच्या आधी मावशी ‘केस मोकळेच ठेव हं’ म्हणायची. मायेनंच म्हणायची. ती मावशी, तो कपबशीवाला पोरगा, त्या रिबिनी, सगळे माझ्याबरोबर दवाखान्यात आले होते असं म्हणा हवं तर. फॉर्मवर सही मात्र माझी एकटीची आहे, आणि मला पस्तावा नाही.

पट्टी सुटली त्या दिवशी आबांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी बघितलं. ‘झ्याक झालंय,’ म्हणाले. जेवताना मग ताटाकडं बघत म्हणाले, ‘माझ्या आईचं कान हुतं ते.’

आजीचा एकच फोटो आहे आमच्याकडं. रात्री उठून बघितला. डोक्यावरचा पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढून घेतलेला.