ब्रेक नसलेल्या गाड्यांचा पहिला लीग सीझन, १९२९

मँचेस्टरला आलो त्या उन्हाळ्यात ऑफिसमधला एक जण म्हणाला चल स्पीडवे बघायला, मला वाटलं आपल्याकडे मोटोक्रॉस होतं तसं काहीतरी असेल. बेल व्ह्यूच्या स्टेडियममधे वळणाजवळच जागा मिळाली. पहिल्याच हीटला, म्हणजे एका छोट्या शर्यतीला, चार बाइक सुसाट आल्या आणि चौघांनीही वळणावर मागचं चाक मुद्दाम बाहेर फेकलं, म्हणजे पुढचं चाक उजवीकडे वळलेलं आणि गाडी मात्र डावीकडे घसरत चाललीय, डावा पाय जमिनीवर, बुटाखाली लोखंडी तळ, आणि मागून उडालेली बारीक खडी थेट आमच्या अंगावर. ब्रेक नाहीत. गिअर एकच. चार लॅप, साधारण एका मिनिटात खेळ खल्लास. घरी येईपर्यंत शर्टाला जळक्या तेलाचा वास येत होता आणि मला एकदम कोल्हापूरच्या काकांचं गॅरेज आठवलं, येझदी आणि जुन्या जावा दुरुस्त करायचे ते. स्पीडवेला पण कित्येक वर्षं जावाचंच इंजिन गाजलं हे कळलं तेव्हा रात्री त्यांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "अरे त्या गाडीचं इंजिन आहेच तसलं, सांगायला कशाला पाहिजे!"

तेव्हापासून जे मिळेल ते वाचतोय आणि फिरून फिरून १९२९ वरच येऊन थांबतो.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. १९२३ मधे ऑस्ट्रेलियात वेस्ट मेटलंडच्या शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर दिव्यांच्या उजेडात बाइकच्या रेसेस झाल्या, भरवणारा जॉनी हॉस्किन्स. मग १९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळ एपिंगच्या जंगलात, हाय बीचला, किंग्ज ओक नावाच्या पबच्या मागे रेस लागली. दोन-तीन हजार लोक येतील असं धरलेलं आणि आले त्याच्या कितीतरी पट, अक्षरशः जत्रा. त्यानंतर वर्षभरात गावोगावी ट्रॅक निघाले, कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानात, फुटबॉलच्या मैदानाभोवती, कुठेही. जळलेल्या कोळशाचा चुरा अंथरायचा की झाला ट्रॅक!

पण १९२८ चं सगळं एकेकट्या राइडरवर चालायचं. लोक यायचे ते व्हिक हक्सली, फ्रँक आर्थर हे ऑस्ट्रेलियन किंवा अमेरिकेचा स्प्राउट्स एल्डर बघायला. एल्डर वळणावर गाडी आडवी टाकायचा ते बघायलाच म्हणे गर्दी. ठीक आहे, पण असा खेळ किती दिवस टिकणार? स्टार आला नाही की मैदान रिकामं.

१९२९ ला लीग सुरू झाली, इंग्लंडच्या दक्षिणेत एक आणि उत्तरेत एक, आणि इथेच मला वाटतं हा खेळ खरा खेळ झाला. कारण आता वेम्बली, वेस्ट हॅम, विम्बल्डन, साउथॅम्प्टन, कॉव्हेंट्री अशा टीम होत्या, आणि ज्याचं नाव पोस्टरवर कधी छापलं जाणार नाही असा लोकल पोरगा तिसरा येऊन एक पॉइंट आणायचा त्यालाही टाळ्या पडायला लागल्या, कारण तो पॉइंट आपल्या टीमचा! आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत आपल्या गावचा गाडा घाटात उतरला की छातीत कसं धडधडतं, तसंच. दक्षिणेत स्टॅमफोर्ड ब्रिजची टीम जिंकली, हो, चेल्सी फुटबॉल क्लबचं मैदान तेच. वेम्बलीला हॉस्किन्स मॅनेजर होता, मेटलंडचाच तो.

सगळं सुरळीत मात्र नव्हतं. स्टार्टला आडवी फीत, जी वर गेली की सुटायचं, ती नव्हती, १९३३ ला आली, त्यामुळे चौघांनी हळूहळू चालत्या गाडीवर एका रेषेत यायचं आणि मग सुटायचं, कोणीतरी पुढे घुसणारच, मग परत बोलवा, परत सगळे रांगेत. उत्तरेच्या लीगमधे तर सीझन चालू असताना टीम एकेक करून बाहेर पडल्या. मला हे वाचताना फार वाईट वाटतं, कारण त्या गावातल्या राइडरनी सगळा पैसा डग्लस नाहीतर रज कंपनीची बाइक घेण्यात घातला असणार आणि ऐन उन्हाळ्यात ट्रॅकच बंद.

त्याच वर्षी एकेकट्या राइडरसाठी स्टार चॅम्पियनशिप झाली आणि त्यात परदेशी आणि ब्रिटिश राइडरना वेगवेगळं ठेवलं, ऑस्ट्रेलियन इतके पुढे होते की एकत्र रेस लावली तर घरच्या पोरांना काही मिळालं नसतं. परदेशी गटात आर्थर जिंकला, ब्रिटिश गटात क्रिस्टल पॅलेसचा रॉजर फ्रॉगली.

आणि फे टेलर. आयर्लंडची ही बाई पुरुषांबरोबर रेस करायची, ऑस्ट्रेलियाला जाऊन तिथल्यांना हरवून आली, आणि १९३० मधे ब्रिटनच्या ट्रॅकवर बायकांना बंदीच घातली. तिच्यासारखी राइडर हाताशी असताना! तिचा एक फोटो मी सेव्ह करून ठेवलाय, चामड्याचे कपडे, तोंडभर हसू. पुढच्या रविवारी काकांना व्हिडिओ कॉलवर तो दाखवणार आहे.