रुग्णवाहिकेतली थंड औषधं: उन्हाइतकंच गोठण्यालाही जपा

रुग्णवाहिकेत औषधं थंड ठेवायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष उन्हाकडे जातं. पण बर्फाला टेकून गोठलेली इन्सुलिनची व्हायल (औषधाची छोटी बाटली) वितळल्यावर नेहमीसारखीच दिसू शकते, आणि तरी ती टाकूनच द्यावी लागते. ही औषधं 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात, म्हणून त्यातली खालची बाजू आधी सांभाळा.

फ्रीजरमधला आईस पॅक थेट डब्यात घालू नका. बाहेर ठेवा, अधूनमधून कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळलं की तो शून्य अंशावर आला. मग पुसून कोरडा करा आणि व्हायल व पॅक यांच्यामध्ये पुठ्ठा घाला.

गाडीतल्या फ्रीजसाठी कॉम्प्रेसरवालाच घ्या. थर्मोइलेक्ट्रिक डबा (कॉम्प्रेसरशिवाय, थेट विजेवर थंड होणारा) बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण 20 अंशच खाली जातो. बंद गाडी 45 अंशांवर तापली तर आत 25 च्या आसपास. कॉम्प्रेसरचीही एक खोड आहे. सुरू होताना तो जास्त करंट ओढतो. वायर बारीक आणि लांब असेल तर तिथेच व्होल्टेज पडतं, कटऑफ (व्होल्टेज कमी झालं की फ्रीज आपोआप बंद करणारी सोय) लागतो आणि बॅटरी चांगली असूनही फ्रीज बंद! म्हणून बॅटरीपासून फ्यूज टाकून वेगळी जाड वायर आणा आणि व्होल्टेज बॅटरीवर नाही, कॉम्प्रेसर सुरू असताना फ्रीजच्या प्लगपाशी मोजा.

थर्मामीटरचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) हवेत लटकता ठेवला तर दार उघडताच आकडा उडी मारतो. ग्लायकॉलच्या (सहज न गोठणाऱ्या द्रवाच्या) छोट्या बाटलीत बुडवा, म्हणजे तो व्हायलच्या जवळचं तापमान दाखवेल. प्रत्येक पाळीला किमान-कमाल लिहून रीसेट करा. नुसता त्या क्षणाचा आकडा रात्रीचा बिघाड लपवतो.

काही औषधं फ्रीजबाहेरही चालतात, पण मोजून. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांपैकी रोक्युरोनियम 25 अंशांपर्यंत 60 दिवस, सक्सिनिलकोलिनची मल्टीडोस (अनेक डोसची) व्हायल 14 दिवस. उत्पादकागणिक हे बदलतं, त्यामुळे पाकिटातला कागद वाचा. बाहेर काढल्याची तारीख व्हायलवरच लिहा. परत फ्रीजमध्ये ठेवून दिवस मागे जात नाहीत. ॲड्रेनालिन मात्र फ्रीजमध्ये नको. उजेड आणि उष्णता टाळून खोलीच्या तापमानाला ठेवा.

तापमान मर्यादेबाहेर गेलंच तर औषध लगेच फेकू नका आणि वापरूही नका. 'वापरू नका' अशी चिठ्ठी लावून 2 ते 8 अंशांत वेगळं ठेवा, किती वेळ आणि किती अंश ते लॉगरमधून (तापमानाची सतत नोंद ठेवणाऱ्या यंत्रातून) काढा आणि फार्मासिस्टला दाखवा.