आईला जागे करणारे इंजेक्शन

गेल्या वर्षी कोल्हापुरातील एका रुग्णालयात माझ्या आईची एंडोस्कोपी झाली. तिचे हिमोग्लोबिन साडेसातपर्यंत उतरले होते आणि रक्त नेमके कुठे जाते आहे हे पाहण्यासाठी दुर्बीण घालणे भाग होते. आईचे वय ७६, वजन जेमतेम ४१ किलो. परिचारिकेने तिची कवळी काढून स्टीलच्या डबीत घातली, डबी माझ्या हातात दिली आणि मला बाहेर बसवले. आत घशात बधिरतेचा फवारा मारून, शिरेतून मिडाझोलम हे गुंगीचे औषध देऊन तपासणी झाली. दहा मिनिटांत सगळे आटोपले, जठरातला व्रण सापडला आणि आता थोड्या वेळात आई उठेल, असे मला सांगण्यात आले.

अर्धा तास उलटला तरी ती उठली नाही. मला आत बोलावले तेव्हा बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ८६ दिसत होता. डॉक्टरांनी हनुवटी वर उचलून धरली की तो चढे आणि हात सैल सोडला की जीभ मागे पडून घोरणे सुरू होई व आकडा पुन्हा उतरे. मास्कमधून ऑक्सिजन लावून, एका सहायकाला हनुवटी धरून उभे केल्यावर तो ९५ वर स्थिरावला. मग डॉक्टरांनी मला विचारले, "आई रोज झोपेची गोळी घेतात का?"

मी अर्जात रक्तदाबाची आणि थायरॉइडची गोळी लिहिली होती, तिसरे काही आठवत नव्हते. प्रश्नाचे कारण त्यांनी थोडक्यात सांगितले. मिडाझोलमचा परिणाम उलटवणारे फ्लुमॅझेनिल नावाचे इंजेक्शन त्यांच्याकडे होते. परंतु जो माणूस महिनोन्‌महिने मिडाझोलमच्याच कुळातल्या अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपामसारख्या गोळ्या घेत असतो, त्याच्या मेंदूला त्यांची सवय झालेली असते आणि ती सवय अशी एकाएकी तोडली, तर आकडी येऊ शकते. आता मला आठवले की बाबा गेले तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी आईला अल्प्राझोलम दिली होती. ती बंद झाली की नाही, हे मात्र मला ठाऊक नव्हते. आई राहते दादाकडे, गडहिंग्लजला. मी वहिनीला फोन लावला. तिने आईच्या औषधांचा डबा खाली काढला आणि स्ट्रिप सापडल्याचे सांगितले. पंधरापैकी अकरा गोळ्या शिल्लक होत्या आणि मुदत संपून गेली होती. आईचा हात कधी त्या डब्यातल्या दुसऱ्या कुठल्या गोळीकडे जातो का, हेही डॉक्टरांनी वहिनीलाच फोनवर विचारून घेतले.

त्यानंतर त्यांनी पाच मिलिलिटरची लहानशी काचेची कुपी फोडली. तिच्यात एकूण अर्धा मिलिग्रॅम औषध असते. त्यातले दोन मिलिलिटर त्यांनी घड्याळाकडे पाहत पंधरा सेकंदांत हळूहळू शिरेत सोडले आणि मिनिटभर नुसते थांबले. आईच्या पापण्या हलल्या, पण त्यापलीकडे काही नाही. दुसऱ्या वेळी आणखी एक मिलिलिटर गेले. यावेळी तिने डोळे उघडले, जिभेने हिरड्या चाचपल्या आणि मला म्हणाली, "माझे दात कुठायत?" डबी इतका वेळ माझ्या मुठीतच होती, झाकणाची गोल कड तळव्यावर उमटली होती.

आई शुद्धीवर आली म्हणजे काम संपले, अशी माझी समजूत होती आणि अडीचची एसटी गाठण्याची घाई मी करू लागलो. डॉक्टरांनी दोन तास हलू दिले नाही. तेव्हा मला थोडा रागच आला होता, हे कबूल करतो. कारण नंतर समजले. मिडाझोलम मेंदूतल्या ज्या जागेवर बसून गुंगी आणते, ती जागा फ्लुमॅझेनिल अडवते, एवढेच. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो, तसा हा प्रकार आहे. गुंगीचे औषध शरीराबाहेर जात नाही, ते रक्तात उभेच असते. फ्लुमॅझेनिल मात्र लवकर ओसरते, साधारण तासाभरात त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मिडाझोलमला त्याहून बराच अधिक वेळ लागतो आणि म्हाताऱ्या शरीरात तर आणखीच. रुमाल उचलला गेला की जागेवर पहिला प्रवासी पुन्हा येऊन बसतो.

आमच्याकडे तसेच झाले. पन्नासेक मिनिटांनी आई बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून पेंगली आणि आकडा ९० वर आला. परिचारिका शेजारीच होती. तिने मास्क लावला, डॉक्टरांनी पुन्हा दोन मिलिलिटर दिले. त्या वेळी आम्ही स्टँडवर किंवा गाडीत असतो, तर मी बहुधा आईला झोपू दिले असते, कारण दमलेली म्हातारी झोपली यात मला काहीच वावगे वाटले नसते.

गंमत म्हणजे ही दोन्ही औषधे एकाच घरची, हॉफमन-ला रोश या स्विस कंपनीची. फ्लुमॅझेनिलला अमेरिकेत १९९१ साली मान्यता मिळाली. त्याचा उपयोग मात्र याच एका कुळातल्या गुंगीपुरता. अफूवर्गातल्या वेदनाशामकांनी श्वास मंदावला असेल तर नॅलोक्सोन लागते आणि दारूच्या नशेवर यातले काहीच चालत नाही. शिवाय श्वास सांभाळण्याचे काम फ्लुमॅझेनिलवर सोडता येत नाही, म्हणून आधी हनुवटी आणि ऑक्सिजन, मग इंजेक्शन, असा क्रम होता.

घरी जाताना चोवीस तासांच्या सूचना लेखी मिळाल्या, त्यात एकटीने गॅसजवळ जायचे नाही आणि कशावरही सही करायची नाही, असे होते. पेन्शनचा कागद वहिनीने दुसऱ्या दिवसावर ढकलला. आईला त्या सकाळचे फवाऱ्यापुढचे काहीही आठवत नाही. दात मागितल्याचे सांगितले, तर ती ते मान्यच करत नाही.

तिच्या फाइलवर आता औषधांची यादी चिकटवली आहे. तिसऱ्या ओळीत 'अल्प्राझोलम, चार गोळ्या, बाबा गेले तेव्हा' असे वहिनीच्या अक्षरात लिहिले आहे.