रविवारची लॅब

आज रविवार, तरी सकाळीच लॅब गाठली. फळमाशीवर पीएचडी करायची तर व्हर्जिन, म्हणजे अजून नराशी मीलन न झालेल्या, माद्या वेळेत वेचाव्याच लागतात. २५ अंशांवर कोशातून बाहेर पडल्यापासून आठेक तासांत त्या नरांपासून वेगळ्या केल्या नाहीत, तर क्रॉसचा, म्हणजे ठरवून लावलेल्या नर-मादीच्या जोडीचा, भरवसा राहत नाही. कार्बन डायऑक्साइडने गुंगवलेल्या माश्या मायक्रोस्कोपखाली मऊ ब्रशने सरकवत बसले होते. नुकतीच जन्मलेली मादी रंगाने फिकी असते, पोटाच्या पातळ त्वचेतून काळसर हिरवट ठिपका दिसतो. तो दिसला की आजही तेवढाच आनंद होतो मला.

शेजारी प्रोजेक्टला आलेली एमएस्सीची मुलगी. "ताई, जेआरएफ निघाली, पण घरचे म्हणतात नोकरी बघ. काय करू?"

जेआरएफ म्हणजे पीएचडी करताना मिळणारी सरकारी फेलोशिप. २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आहेत, पुढच्या टप्प्यात, म्हणजे एसआरएफला, ४२,०००. पण ते दर महिन्याला हातात पडतीलच असं नाही, हे तिला स्पष्टच सांगितलं. घरमालक काही थांबत नाही. फेलोशिप वेळेवर मिळणं ही मेहेरबानी नाही, आमचा हक्क आहे!

तरी म्हटलं, एखादा प्रश्न तुला झोपू देत नसेल, तर नक्की ये. फक्त गाइड ठरवण्याआधी त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांशी निवांत बोलून घे.