तुम्ही विचारलंत म्हणून: एका अवतरणचिन्हासाठी एवढा खटाटोप कशाला?

लातूर-नांदेडकडची इंजिनिअरिंगची पोरं हमखास विचारतात: बिल्डच्या, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याच्या, डॉक्युमेंटेशनमधली एखादी स्पेस, एखादं अवतरणचिन्ह दुरुस्त करून पाठवण्यात एवढं काय? आणि पाठवायचं तर कसं?

वायएएमएल फाइलच घ्या, म्हणजे सेटिंग्ज लिहून ठेवायची साधी मजकुराची फाइल. पायथनचं व्हर्जन ३.१० असं अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं की वायएएमएल त्याला दशांश संख्या समजतं. शेवटचं शून्य गळतं, उरतं ३.१, आणि सीआय, म्हणजे कोड आपोआप बिल्ड करून तपासणारी यंत्रणा, तेच शोधत बसते. ३.९ पर्यंत हीच ओळ बिनबोभाट चालत होती, त्यामुळे लिहिणाऱ्याला शंका येण्याचं कारणच नव्हतं. तिफणीची नळी तुंबली की तास मोकळं गेलंय हे उगवल्यावरच दिसतं, तसलाच प्रकार.

वायएएमएलला इंडेंटेशनमध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत, टॅब चालत नाही. 'मेक' या बिल्डच्या टूलला मात्र कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो. ही १९७६ सालच्या टूलची खोड अजून सुटलेली नाही. वेबपानावरून कॉपी करताना टॅबच्या स्पेस झाल्या की 'मिसिंग सेपरेटर' म्हणून गाडी थांबते. डोळ्यांना दोन्ही सारखेच. लिनक्सवर कॅट कमांडला हायफन आणि मोठा 'ए' देऊन फाइल उघडा. टॅब असेल तिथे टोपीचं चिन्ह आणि 'आय' दिसेल. वर्डमधून आलेली वाकडी अवतरणचिन्हंही तिथेच उघडी पडतात.

दुरुस्तीला हात घालण्याआधी रेपो, म्हणजे प्रोजेक्टच्या फाइलींचा साठा, नव्या फोल्डरमध्ये क्लोन करा (ताजी प्रत उतरवा) आणि डॉक्युमेंटेशनच्या पानावर लिहिलंय अगदी तसंच चालवा. जुन्या बिल्ड फोल्डरवर विसंबू नका. सीमेक या बिल्डच्या टूलचा कॅश आधीची मूल्यं धरून ठेवतो, चूक झाकली जाते. मग बघा, पान चुकलंय की तुमचं व्हर्जन वेगळं आहे. ग्रॅडल हेही बिल्डचं टूल; त्याच्या ७ व्या व्हर्जनमध्ये लायब्ररी जोडण्यासाठीचं 'कम्पाइल' काढून टाकलं, तिथे 'इम्प्लिमेंटेशन' लागतं. पण ग्रॅडल ६ साठीच्या पानावरचं 'कम्पाइल' जुनाट असेल, चूक नव्हे. तिथे उगाच हात लावू नये.

तीच ओळ रीडमीत, सीआयच्या फाइलमध्ये आणखी कुठे आहे का, ग्रेप या शोधायच्या कमांडने बघा. बदल पान ज्यातून तयार होतं त्या मूळ मार्कडाउन फाइलमध्ये करा. तयार झालेल्या एचटीएमएलमध्ये केलात तर पुढच्या बिल्डला पुसला जाईल. एडिटरची ओळीअखेरच्या स्पेस छाटण्याची सोय तेवढ्यापुरती बंद ठेवा, नाहीतर एका अक्षराच्या दुरुस्तीला चाळीस ओळींचा डिफ (काय बदललं त्याची यादी) होतो आणि तपासणारा वैतागून तो बाजूला टाकतो. कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबत लिहायच्या टिपणीत, तीनच गोष्टी: कोणतं व्हर्जन, कोणती ओळ, काय एरर आली. एररचा मजकूर मात्र शब्दशः.